सोसायटीच्या २२ टाक्यांवरचे सेन्सर: सगळा डेटा गोळा करायचा, की प्रश्न टाकीपर्यंत पाठवायचा?

गच्चीवरून | १४ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत नऊ विंग आहेत. प्रत्येक गच्चीवर दोन टाक्या, एक पिण्याच्या पाण्याची आणि एक फ्लशची. पोडियमखाली जमिनीत आणखी चार. एकूण २२. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात आणि दरवेळी मीटिंगमध्ये एकच वाद होतो, पाणी नेमकं जातं कुठे. म्हणून एप्रिलमध्ये मी आणि बाजूच्या विंगमधला एक इंजिनिअरिंगचा मुलगा, आम्ही दोघांनी प्रत्येक टाकीवर एक नोड बसवला.

नोडमध्ये आहे ते असं: आर्डुइनो प्रो मिनी (छोटा कंट्रोलर बोर्ड), ८६५ मेगाहर्ट्झचा लोरा रेडिओ (कमी विजेत लांबवर पोहोचणारा), वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि २६०० मिलीअँपिअर-तासांचा एक लिथियम सेल. दर ३० सेकंदांनी पातळी मोजायची आणि पाठवायची. ऑफिसमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर सगळं मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये साठतं.

दोन अडचणी आहेत.

पहिली: रोज ६३,३६० ओळी जमा होतात. या हिशेबाने वर्षाला दोन कोटी तीस लाखांच्या वर जातील. आताच एखाद्या महिन्याचा आलेख काढायला घेतला की कॉम्प्युटर गुदमरतो.

दुसरी जास्त त्रासाची: सी विंगच्या गच्चीवरचा नोड रिलेचं काम करतो. पोडियमखालच्या चार टाक्या आणि मागच्या दोन विंग त्याच्यातून पुढे जातात. बाकीच्यांचे सेल एप्रिलपासून बदललेले नाहीत, पण हा नऊ दिवसांत बसतो. दर आठवड्याला सतराव्या मजल्यावरची शिडी चढून सेल बदलतोय. आता पाऊस सुरू झालाय आणि ती लोखंडी शिडी ओली असते. घरचे रागावतात आणि त्यांचं बरोबर आहे.

काय चुकतंय?

---

नेरुळकर | १४ जून, रात्री ११:०५

गच्चीवर लिफ्टची मशीन रूम असतेच. तिथून लाईट घ्या, रिलेला चार्जर लावा आणि विषय संपवा. डेटा साठवणं आज स्वस्त आहे, सगळं साठवा.

---

जुना_मोट | १५ जून, सकाळी ७:२०

रिलेचं कोडं सोपं आहे. तुमचा रिले सतत कान उघडे ठेवून बसलाय, बरोबर? लोरा रेडिओ ऐकताना साधारण ११ मिलीअँपिअर खातो. २६०० भागिले ११ म्हणजे २३६ तास. दहा दिवसांना थोडे कमी. त्यात आर्डुइनोचं खाणं मिळवा, तुमचे नऊ दिवस आले.

आता पाठवण्याचा खर्च बघा. २० बाइटचं पॅकेट, स्प्रेडिंग फॅक्टर (लोराच्या वेगाची सेटिंग) ७, हवेत ५७ मिलिसेकंद. १७ डीबीएम ताकदीने पाठवताना रेडिओ सुमारे ८७ मिलीअँपिअर ओढतो, पण तेवढ्याच क्षणापुरता. म्हणजे एका पॅकेटला ५ मिलीअँपिअर-सेकंद. सतत ऐकणारा नोड अर्ध्या सेकंदात तेवढं खाऊन बसतो. आणि त्या अर्ध्या सेकंदात बहुतेक वेळा त्याला ऐकायला काहीच नसतं.

मी २००४-०५ च्या सुमारास या विषयात काम केलंय. तेव्हा आमच्या हातात टेलॉस नावाचे मोट, म्हणजे सेन्सरचे छोटे नोड, होते: १० किलोबाइट रॅम, ४८ किलोबाइट प्रोग्रामची जागा, बाहेर १ मेगाबाइट फ्लॅश मेमरी आणि पाठीमागे पेन्सिल सेलची जोडी. त्या रेडिओचंही तेच होतं. पाठवायला १७.४ मिलीअँपिअर आणि ऐकायला १८.८. ऐकणं पाठवण्यापेक्षा महाग! ही गोष्ट डोक्यात पक्की बसली की या क्षेत्रातलं अर्धं संशोधन आपोआप समजतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल आज रात्री सविस्तर लिहितो. तो जास्त महत्त्वाचा आहे.

---

गच्चीवरून | १५ जून, सकाळी ९:१५

@जुना_मोट काका, तुम्ही म्हणता तसंच आहे, रिले कधीच झोपत नाही. मुलं, म्हणजे त्याच्यामागचे नोड, कधी बोलतील ते त्याला ठाऊक नाही, मग झोपणार कसा?

@नेरुळकर, सी विंगची मशीन रूम टाकीच्या दुसऱ्या टोकाला आहे. उघड्या गच्चीवरून वायर ओढायला कमिटी तयार नाही आणि पावसाळ्यात मलाही ते नको वाटतं. पोडियमच्या झाकणांपाशी तर लाईटच नाही.

---

मंजिरी_एम्बेडेड | १५ जून, दुपारी १:३०

मुलांना वेळा ठरवून द्या. दर पाच मिनिटांनी रिले तीन सेकंद जागा होईल आणि त्याच तीन सेकंदांत प्रत्येक मूल आपल्या ठरलेल्या खाचेत बोलेल. ३०० सेकंदांतले ३ म्हणजे एक टक्का. ११ मिलीअँपिअरची सरासरी ०.११ वर येते. कागदावर अडीच वर्षं होतात. दमट हवा, सेलचा स्वतःचा ऱ्हास हे सगळं धरलं तरी पुढचा पावसाळा येईपर्यंत शिडी चढावी लागू नये.

यात एक मेख आहे. तुम्ही झोपेसाठी आर्डुइनोच्या चिपमधला वॉचडॉग टायमर वापरत असाल तर ही पद्धत चालणार नाही. त्याचं घड्याळ १० टक्क्यांपर्यंत मागेपुढे जातं, आणि तापमानाप्रमाणे बदलतं ते वेगळंच. पाच मिनिटांत अर्धा मिनिट चुकला की मूल बोलत असताना बाप झोपलेला. प्रत्येक नोडला डीएस३२३१ घड्याळ लावा. ते दिवसाला ०.१७ सेकंदाच्या आत राहतं. त्याच्या अलार्मच्या पिनवर आर्डुइनोला उठवा. आणि घड्याळाच्या मॉड्यूलवरचा तो लाल एलईडी आठवणीने काढून टाका. आर्डुइनोवरचाही काढा. मी एकदा महिनाभर गळणारा करंट शोधत होते आणि तो समोर लुकलुकत होता.

---

जुना_मोट | १५ जून, रात्री ९:५०

मंजिरीताईंनी सांगितलं ते तंतोतंत बरोबर. आता पहिल्या प्रश्नाकडे येतो.

तुम्ही २२ नोडकडून ६३,३६० आकडे मागवता. त्यातले किती वाचता? पहाटे तीन वाजता टाकीत काही हलत नाही, तरी नोड दर ३० सेकंदांना तोच आकडा बोलतोय. "पाणी जातं कुठे" हा तुमचा खरा प्रश्न. तो प्रश्न नोडपर्यंत पोहोचलेलाच नाही. नोडला फक्त "बोलत राहा" एवढंच सांगितलंय.

बर्कली विद्यापीठात सॅम मॅडन, मायकेल फ्रँकलिन, जो हेलरस्टीन आणि वेई हाँग यांनी टायनीडीबी नावाची प्रणाली केली होती. तिच्यात अख्खं नेटवर्क म्हणजे एक टेबल, आणि तुम्ही त्याला एसक्यूएलसारखा (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेतला) प्रश्न विचारायचा. "सिलेक्ट नोडआयडी, लाइट फ्रॉम सेन्सर्स सॅम्पल पीरियड १ सेकंद फॉर १० सेकंद." दिसायला नेहमीची क्वेरी, फक्त शेवटी सॅम्पल पीरियड चिकटलेला. पण त्या दोन शब्दांत सगळं आलं. नेहमीच्या डेटाबेसमध्ये डेटा आधी असतो आणि प्रश्न नंतर येतो. इथे प्रश्न आल्याशिवाय डेटा जन्मालाच येत नाही. कधी मोजायचं, किती वेळा मोजायचं, कोणता सेन्सर आधी चालवायचा, हे प्रश्नच ठरवतो.

त्यातली एक युक्ती तुम्हाला उद्याच वापरता येईल. दोन अटी असतील तर स्वस्त सेन्सर आधी वाचा. तुमच्या टाकीत फ्लोट स्विच आहेच. तो वाचायला जवळजवळ फुकट. अल्ट्रासॉनिकला ३० मिलीअँपिअर लागतात. प्रश्न जर "कुठली टाकी अर्ध्याच्या खाली आहे" असा असेल आणि फ्लोट सांगतोय की टाकी भरलेली आहे, तर अल्ट्रासॉनिक चालवायचाच कशाला?

दुसरी गोष्ट २००२ ची, त्याच गटाची, टॅग नावाची. पाणी वाहून नेणाऱ्या माणसांची साखळी डोळ्यापुढे आणा. प्रत्येकाने आपली बादली वेगळी शेवटपर्यंत न्यायची, की वाटेत एकत्र ओतायची? प्रश्न "सगळ्यात कमी पाणी कुठे" असेल तर रिलेने आठ मुलांची आठ पॅकेटं पुढे ढकलायची गरज नाही. आठांतला किमान आकडा काढून एकच पॅकेट पुढे द्यायचं.

---

येऊरचा_पाऊस | १५ जून, रात्री १०:२०

सरासरीलाही हेच चालेल ना? प्रत्येक रिले आपल्या मुलांची सरासरी काढून वर देईल.

---

जुना_मोट | १५ जून, रात्री १०:४५

नाही, आणि इथे पुष्कळ जण फसतात. एका रिलेखाली दोन टाक्या, सरासरी ६० टक्के. दुसऱ्याखाली चार टाक्या, सरासरी ३० टक्के. दोन सरासरींची सरासरी ४५ येते. खरी सरासरी ४० आहे. म्हणून वर सरासरी पाठवायची नाही, बेरीज आणि संख्या अशी जोडी पाठवायची आणि भागाकार शेवटच्या टोकाला करायचा.

मध्यक मात्र असा तुकड्यातुकड्याने निघतच नाही. त्याला सगळे आकडे लागतात किंवा अंदाजावर समाधान मानावं लागतं.

शिवाय पोचपावती हरवली की नोड तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. किमान-कमाल काढताना तोच आकडा दोनदा आला तरी बिघडत नाही. बेरजेत मात्र तो दोनदा मोजला जातो. प्रत्येक पॅकेटला अनुक्रमांक द्या आणि रिलेला शेवटचा क्रमांक लक्षात ठेवायला लावा.

---

नेरुळकर | १६ जून, सकाळी ८:१०

मुद्दा पटला, पण एक शंका आहे. प्रश्न आधीच ठरवला तर उद्या नवा प्रश्न सुचल्यावर काय करायचं? तेव्हा मागचा डेटा कुठून आणणार? म्हणून मी सगळं साठवा म्हणत होतो.

---

मंजिरी_एम्बेडेड | १६ जून, सकाळी १०:००

@नेरुळकर, शंका अगदी योग्य. साठवायचं सगळंच, पण टाकीवरच. नोडवर आठ पायांची फ्लॅश चिप लावा, डब्ल्यू२५क्यू३२, ४ मेगाबाइटची. अख्खं पान लिहायला जास्तीत जास्त ३ मिलिसेकंद आणि २५ मिलीअँपिअरच्या आसपास. म्हणजे ०.०७५ मिलीअँपिअर-सेकंद. रेडिओच्या एका पॅकेटला ५. साठच्या वर पट फरक आहे, आणि त्या एका पानात तासाभराची मोजमापं मावतात.

मांडणी अशी करा. पान २५६ बाइटचं. पहिले ४ बाइट पानाच्या सुरुवातीची वेळ, पुढचे २ पानातली किमान पातळी, पुढचे २ कमाल. उरले २४८. पातळी मिलिमीटरमध्ये, दोन-दोन बाइट. १२४ मोजमापं, दर ३० सेकंदांना एक, म्हणजे ६२ मिनिटं. अंतर ठरलेलं असल्यामुळे प्रत्येक आकड्याला वेळ चिकटवायची गरज नाही. चिपमध्ये अशी १६,३८४ पानं आहेत. सातशे दिवस मावतील. भरलं की पुन्हा पहिल्यापासून, गोल फिरत.

किमान-कमाल डोक्यावर का? समजा विचारलं, "गेल्या ३० दिवसांत पातळी २० सेंटीमीटरच्या खाली कधी गेली?" नोड सुमारे सातशे पानांचे फक्त आठ-आठ बाइट वाचेल. ज्याची किमान २० च्या वर आहे ते पान उघडायचंच नाही.

पण किमान-कमाल तर पान भरल्यावर कळणार, आणि ते लिहायचे सुरुवातीला. इथे फ्लॅशचा स्वभाव कामाला येतो. पुसलेल्या फ्लॅशमध्ये सगळे बिट १ असतात. १ चा ० कधीही करता येतो. ० चा १ करायचा तर ४ किलोबाइटचा अख्खा सेक्टर पुसावा लागतो. म्हणून डोक्यावरची ती चार घरं कोरी सोडा, आकडे येतील तसे लिहीत जा आणि तास संपला की कोऱ्या घरांत किमान-कमाल भरा. मध्येच सेल गेला तर तोवरचे आकडे जागेवर राहतात, फक्त डोकं कोरं दिसतं. चालू होताना ते ओळखायचं आणि भरून टाकायचं.

एकच पथ्य पाळा. "शेवटचं पान कुठलं" हे एका ठरावीक जागी पुन्हा पुन्हा लिहू नका. सेक्टर एक लाख वेळा पुसता येतो. दर ३० सेकंदांना पुसलात तर ३५ दिवसांत तो मर्यादेला येईल. नोड चालू झाला की पानांच्या वेळा बघून टोक शोधायचं. वेळा चढत्या क्रमात आहेत, त्यामुळे अर्ध्यावर, मग पावावर असं शोधलं तर चौदा-पंधरा वाचनांत सापडतं.

---

जुना_मोट | १६ जून, दुपारी १२:४०

मंजिरीताई, फार सुंदर. कॉन्टिकी नावाच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमवर त्सिफ्तेस आणि डंकेल्स यांनी २०११ मध्ये अँटिलोप हा डेटाबेस केला, त्याचीही दिशा हीच: प्रत्येक नोड स्वतःच एक छोटा डेटाबेस, आणि प्रश्न त्याच्या दाराशी जाणार.

---

येऊरचा_पाऊस | १६ जून, संध्याकाळी ६:१५

मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी वाचत होतो, त्यात जिओग्राफिक हॅश टेबल असा प्रकार आला. माहितीच्या नावावरून जागा काढायची आणि त्या जागेजवळच्या नोडवर ती ठेवायची. म्हणजे "कमी पाणी" ही सगळी खबर एकाच नोडवर मिळेल. इथे ते वापरावं का?

---

जुना_मोट | १६ जून, रात्री ९:००

तो २००२ चा निबंध सिल्व्हिया रत्नासामी आणि सहकाऱ्यांचा. कल्पना मला आजही आवडते. साठवायच्या तीन जागा असतात: जिथे मोजलं तिथेच, बाहेर एका सर्व्हरवर, किंवा नावाप्रमाणे नेटवर्कच्या आत एखाद्या नोडवर. तिसरा प्रकार केव्हा उपयोगी? नोड खूप असतील, घटना भरपूर घडत असतील, आणि विचारणारा त्यातल्या थोड्याच घटनांबद्दल विचारत असेल तेव्हा. म्हणजे प्रश्न सगळीकडे ओरडत फिरवावा लागत नाही, थेट त्या नोडकडे जातो.

इथे २२ नोड आहेत, विचारणारं कॉम्प्युटर एक आहे आणि प्रत्येक टाकीचा पत्ता आपल्याला पाठ आहे. तिथे हे कशाला? वर ज्या नोडवर "कमी पाणी" येऊन पडेल त्याचा सेल सगळ्यात आधी जाईल. प्रोजेक्टमध्ये मात्र जरूर करून बघा, शंभर नोडचं सिम्युलेशन घ्या.

---

पाणीमीटर | १७ जून, सकाळी ११:३०

उशिरा आलो. तुर्भे एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही सगळे डेटा कुठे ठेवायचा ते बोलताय. डेटा खरा आहे का ते कुणी बघितलं?

@गच्चीवरून, उन्हाळ्यातला आलेख काढा. दुपारी दोन-तीनच्या सुमारास, पंप बंद असताना, पाणी थोडं वाढलेलं दिसतं का?

---

गच्चीवरून | १७ जून, दुपारी २:०५

होय! रोज. दोन-तीन सेंटीमीटर. मला वाटलं सेन्सरचा दोष.

---

पाणीमीटर | १७ जून, दुपारी ३:४०

दोष सेन्सरचा नाही, हवेचा आहे. तो सेन्सर आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीची वेळ मोजतो. आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला सेकंदाला ०.६ मीटर. सकाळी टाकीतली हवा २८ अंश असेल तर वेग सुमारे ३४८. मे महिन्याच्या दुपारी स्लॅब तापून आतली हवा ४२ अंशांवर गेली तर ३५६. प्रतिध्वनी लवकर येतो, तुमचा प्रोग्राम समजतो पाणी जवळ आलं. १.२ मीटर अंतरावर जवळपास तीन सेंटीमीटरची चूक.

आता "पातळी दोन सेंटीमीटरने बदलली तरच बोल" असा नियम लावाल, तर सगळ्या टाक्यांचे नोड रोज दुपारी एकाच वेळी बोलायला लागतील, आणि पाणी जागचं हललेलं नसेल. टाकीच्या आत, झाकणाखाली, एक डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लावा आणि वेग दुरुस्त करा. पूर्ण अचूकतेला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात. दर वेळी वाचू नका, दहा मिनिटांनी एकदा पुरे.

पाणी पडत असताना पृष्ठभाग हलतो, म्हणून पाच मोजमापं घेऊन मधलं घ्या. आणि सेन्सरच्या अगदी पुढ्यातले २०-२५ सेंटीमीटर त्याला दिसत नाहीत, तेव्हा भरलेल्या रेषेच्या वर तेवढी जागा सोडून बसवा.

---

मंजिरी_एम्बेडेड | १७ जून, संध्याकाळी ५:००

हे सगळ्यात आधी यायला हवं होतं. धन्यवाद.

"बदललं तरच बोल" याला एक जोड हवी. नोड गप्प आहे म्हणजे पातळी बदललेली नाही, की नोडच बंद पडलाय? तासाला एकदा हजेरी ठेवा: पातळी, सेलचा व्होल्टेज, तापमान. लागोपाठ तीन हजेऱ्या चुकल्या की बंद समजा.

---

ऐरोली_खाडी | १७ जून, रात्री १०:३०

धागा वाचून डोक्यात वेगळंच आलं. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली वसवलाय. सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव बांधले, त्यांच्या तोंडाशी झडपा. खाडीला भरती आली की पाण्याच्या दाबाने झडपा बंद होतात, ओहोटीला उघडतात. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की शहराचं पाणी तलावातच थांबतं. अशा तलावाला सतत पातळी विचारत बसायची गरजच नाही. एरवी तासाला एकदा पुरे, पण झडप मिटलेली आणि पातळी चढती असेल तर दर मिनिटाला. प्रश्नच असा लिहिता येतो का?

---

जुना_मोट | १८ जून, सकाळी ७:१०

येतो. टायनीडीबीत "ऑन इव्हेंट" म्हणून नेमकं हेच होतं: घटना घडली की क्वेरी सुरू. झडपेवर एक साधा चुंबकी स्विच, तो मिटला की नोडला जाग. तुमचा प्रश्न मला सोसायटीच्या टाकीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. खाडीकाठची खारट हवा कनेक्टर खाते, तेवढं सांभाळायला लागेल. वेगळा धागा काढा, मी येतो.

---

गच्चीवरून | १८ जून, रात्री ११:००

सगळं लिहून घेतलंय. एक विचारायचं राहिलं. टाकी भरली की पंप बंद करायचं कामही याच नेटवर्कवर टाकू का?

---

मंजिरी_एम्बेडेड | १८ जून, रात्री ११:२०

नका टाकू. आता तुमचे नोड झोपणार आहेत. मूल पाठवून झाल्यावर एक सेकंद ऐकेल, बापाकडे काही प्रश्न असेल तर तेव्हा उतरेल. म्हणजे प्रत्येक टप्प्याला पाच मिनिटांपर्यंत उशीर, तीन टप्पे असतील तर पाव तास. गळती शोधायला पाव तास काहीच नाही. पण पंप पाव तास जास्त चालला तर गच्चीवरून धबधबा. पंपाला फ्लोटची थेट वायरच असू द्या.

---

गच्चीवरून | १५ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

दोन महिन्यांनी येतोय, पण सांगण्यासारखं आहे.

जूनच्या शेवटच्या दोन रविवारांत सगळे नोड खाली उतरवले. घड्याळ, फ्लॅश, तापमानाचा सेन्सर लावला, एलईडी काढले. पोडियमच्या झाकणांखालचे अँटेना बाहेर आणले, लोखंडी झाकणाच्या आतून रेडिओ जेमतेम निघत होता. ५ जुलैपासून सगळं नव्या पद्धतीने चालू आहे. सी विंगचा रिले आज ४१ दिवस झाले, त्याच सेलवर, ४.०५ व्होल्ट. तेव्हापासून सेल बदलायला शिडी चढलेलो नाही.

आता खरी गोष्ट. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मीटिंगमध्ये बी विंगच्या एका आजींनी विचारलं, रात्री पाइपात पाणी वाहत असल्याचा आवाज का येतो. हा प्रश्न आम्ही कधी नोडला शिकवलेला नव्हता. रात्री दोन ते चार पंप बंद असतो आणि माणसं झोपलेली असतात, तेव्हा पातळी किती उतरते ते विचारायचं ठरलं. नोडच्या प्रोग्राममध्ये "या वेळेची पातळी वजा त्या वेळेची पातळी, रोज" एवढी एक क्रिया वाढवली, त्यासाठी एकदा लॅपटॉप घेऊन सगळ्या टाक्या फिरलो. काल रात्री प्रश्न सोडला.

प्रत्येक टाकीकडून ४० रात्रींचे ४० आकडे आले. ८० बाइट, एका पॅकेटात मावले. त्याऐवजी ४० दिवसांचे सगळे कच्चे आकडे मागवले असते तर एका टाकीचे २,३०,४०० बाइट, हजाराच्या वर पॅकेटं.

२१ टाक्यांत रात्रीचा उतार एक सेंटीमीटरच्या आत. बी विंगच्या फ्लशच्या टाकीत १९ जुलैपर्यंत तसाच, २० जुलैला एकदम चार सेंटीमीटर, मग वाढत वाढत सहा. आमची टाकी चार बाय अडीच मीटरची आहे, म्हणजे एक सेंटीमीटरला १०० लिटर. दोन तासांत ६०० लिटर, दिवसाला ७,२०० लिटर गटारात. पावसाळ्यात टँकर लागत नाही म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

आज सकाळी प्लंबरला घेऊन बी विंगच्या फ्लॅटमधून फिरलो. अकराव्या मजल्यावर एका बंद घराच्या फ्लशचा व्हॉल्व्ह अडकलेला होता. मालक परगावी आहेत, त्यांनी फोनवरून शेजाऱ्यांकडची किल्ली घ्यायला सांगितलं. आजींना कळवलं.

---

पाणीमीटर | १५ ऑगस्ट, रात्री ८:१०

अभिनंदन. २० तारखेला चार आणि नंतर सहा, म्हणजे रबर हळूहळू झिजत गेलं असणार. एक विचारतो, रात्री तापमानाची दुरुस्ती चालू होती ना?

---

गच्चीवरून | १५ ऑगस्ट, रात्री ८:२५

चालू होती. दोन ते चारमध्ये टाकीतली हवा अर्धा अंशही बदलत नाही, पाऊस पडत असला तरी. उद्या पहाटे पुन्हा तोच प्रश्न फक्त बी विंगला विचारणार आहे. उतार एकच्या आत आला की प्लंबरचं बिल कमिटीकडे देतो.

---

नेरुळकर | १५ ऑगस्ट, रात्री ९:४०

माझ्या सोसायटीत सहा इमारती, बारा टाक्या. पानाची मांडणी आणि रात्रीच्या उताराचा कोड इथे टाकाल का? पुढच्या रविवारी सुरुवात करतो.

---

गच्चीवरून | १६ ऑगस्ट, सकाळी ६:५०

टाकतो, नेरुळकर. सुरुवात करण्याआधी तुमच्या टाक्यांची लांबी-रुंदी टेपने मोजून ठेवा. बिल्डरच्या नकाशातली घेऊ नका, आमच्या दोन टाक्या नकाशापेक्षा लहान निघाल्या.

बी विंग, आज पहाटे दोन ते चार: चार मिलिमीटर.